ओरडणाऱ्यांचा सत्कार

बाईंच्या स्कूटीच्या डिकीत कायम एक कापडी पिशवी असायची आणि त्या पिशवीत टॉवेल आणि पांढऱ्या टोप्या. शिट्टी घरी राहिली तर बाई मैदानावर कुणाची तरी मागून घेत, नळाखाली धुऊन वापरत. टोप्यांची पिशवी राहिली तर मात्र मला अर्ध्या रस्त्यातून परत वळायला लावत.

"शिट्टी खेळणाऱ्यांसाठी असती," त्या म्हणत. "ती पोरं ऐकत्यातच. टोपी बघणाऱ्यांसाठी."

बाई कबड्डीच्या पंच होत्या. नोकरीभर त्यांनी बारामतीतल्या एका शाळेत पी.टी. शिकवली, आणि सुट्टीच्या दिवशी बारामती-इंदापूरच्या गावोगावी पुरुषांच्या सामन्यांना शिट्टी वाजवली. अंगावर साडी, साडीवर बाह्या दुमडलेला पुरुषी पांढरा शर्ट, पायात कॅनव्हासचे बूट. त्या मैदानात उतरल्या की नवीन गावात आधी हशा पिकायचा. बाई तो हशा संपेपर्यंत थांबायच्या, जसं आपण रस्ता ओलांडताना बस जाईपर्यंत थांबतो.

मी यात कशी आले, ते सांगायला सोपं आहे. आमच्या सोसायटीत तळमजल्यावर बाई आणि त्यांचे मिस्टर, म्हणजे काका, राहायचे. बाईंचा गुडघा बिघडला आणि त्यांना स्कूटी चालवता येईना. मी तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. एकदा त्यांनी मला जिन्यात अडवलं.

"तुला स्कूटी येती ना गं?"

"हो."

"शनिवार-रविवारी काय करतेस?"

"काही नाही," मी म्हणाले. खरं बोलण्याचे तोटे मला तेव्हा माहीत नव्हते.

माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. तिथे बास्केटबॉल होता आणि मी त्याच्या बाकावर बसायचे. कुणी मोठ्याने बोललं, अगदी दुसऱ्या कुणाला बोललं, तरी माझे कान गरम होतात. अशा मुलीने कबड्डीच्या मैदानावर जाणं म्हणजे पोहता न येणाऱ्याने कालव्यात पाय सोडून बसणं.

पहिला सामना कन्हेरीला होता. मैदान पाणी मारून, दाबून तयार केलेलं, त्यावर पांढऱ्या फक्कीच्या रेषा. तिन्ही बाजूंना माणसं आणि चौथ्या बाजूला उसाची एक रिकामी ट्रॉली, तीसुद्धा माणसांनी भरलेली. मी टेबलाशी, गुण मांडणाऱ्याच्या शेजारी, पाण्याची बाटली धरून बसले होते. सामना सुरू झाला आणि ट्रॉलीतून आवाज आला.

"ओ बाई, चष्मा घरी ठिवून आलाय का?"

लोक हसले. माझे कान गरम झाले. बाईंनी तिकडे पाहिलंही नाही.

"बाई, भाकरी करपली आसंल तव्यावर! जावा घरला!"

पुन्हा हशा. बाई खेळाकडे बघत राहिल्या. तिसऱ्यांदा तोच आवाज आला: "पाय लागलाय की त्येचा रेषंला! आमाला ट्रॉलीतनं दिसतंय, बाईला जवळनं दिसंना!"

या वेळी बाईंनी लांब शिट्टी वाजवली. वेळ थांबवायची खूण केली आणि लंगडत ट्रॉलीपाशी गेल्या. मला वाटलं, आता भांडण. मी बाटली घट्ट धरली.

"पाव्हणं," बाई वर बघून म्हणाल्या, "नाव काय आपलं?"

ओरडणारा गृहस्थ एकदम शेजारच्याच्या पाठीमागे गेला. पण आपल्याकडे अशा वेळी नाव सांगायला बाकीचे सगळे तयार असतात. "आबा! आबा म्हणत्यात त्यांला! पुरं नाव लिवून घ्या!" बाईंनी नाव विचारून घेतलं, समालोचकाच्या कानात काहीतरी सांगितलं आणि खेळ पुढे सुरू केला.

मध्यंतर झालं, तसा भोंगा बोलू लागला. "आता विशेष सत्कार! कबड्डीचे गाढे अभ्यासक, आपल्या परिसराचं भूषण..." आणि पुढे आबांचं पूर्ण नाव. आबा ट्रॉलीतून उतरले. धोतर झटकत, खाली बघत, लग्नात मुलीचा मामा चालतो तसे चालत आले. बाईंनी स्वतःच्या हाताने त्यांच्या डोक्यावर टोपी ठेवली, खांद्यावर टॉवेल टाकला आणि वाकून नमस्कार केला. टाळ्या पडल्या. आबांनी फोटो दुसऱ्यांदा काढायला लावला, कारण पहिल्यात डोळे मिटले होते. मग त्यांना स्टेजवर नेऊन सरपंच आणि एका डॉक्टरांच्या मधे गादीवर बसवलं.

उत्तरार्धात आबा एक शब्द बोलले नाहीत. उलट ट्रॉलीतून त्यांच्याच एका मित्राने आवाज दिला, तेव्हा ते गादीवरून अर्धे उठले. "ए, गप ए! कळतंय का तुला त्येच्यातलं काय? पंच हाईत त्या!"

येताना स्कूटीवर बाईंनी मला पहिला धडा दिला. "प्रेक्षकाला उत्तर द्यायचं नाही. कधीच नाही. उत्तर दिलं की दुसरा सामना सुरू होतो, आन् त्यात पंच नसतो."

"मग काय करायचं?"

"त्याला काम द्यायचं. बोंबलणारा माणूस रिकामा असतो गं. स्टेजवर बसवला की त्याला मांडी सावरायचं काम लागतं."

शिवीगाळ करणाऱ्याला मात्र टोपी नसे. त्याच्यासाठी बाईंचा वेगळा उपाय होता. एका गावात कुणीतरी आईवरून शिवी दिली. बाईंनी खेळ थांबवला, मधल्या रेषेवर गेल्या आणि चक्क मांडी घालून बसल्या. शर्टाच्या खिशातून भुईमुगाच्या शेंगा काढल्या आणि फोडून खायला लागल्या. आयोजक धावत आले. "बाई, काय झालं?"

"काय नाही. खेळ तुमचा, गाव तुमचं. मला घाई नाही."

थोड्या वेळाने शिवी देणाऱ्याला त्याचे सख्खे चुलतेच दंडाला धरून मैदानाबाहेर घेऊन गेले. अडचण एवढीच झाली की बाईंना गुडघ्यामुळे उठता येईना. एका संघाचे दोघे हात द्यायला आले तर बाईंनी त्यांना परत पाठवलं. "दोन्ही संघाचा एकेक या," त्या म्हणाल्या. "पंचाला एकाच बाजूनं उचलत नाहीत."

टोप्यांचा पुरवठा काकांकडे होता. आमच्या भागात लग्नात मानापानाला टॉवेल-टोपी मिळते. त्या टोप्या कुणी घालत नाही. त्या कपाटात जातात आणि पुढच्या लग्नात दुसऱ्याच्या डोक्यावर जातात. काका शांत माणूस, त्यांना गर्दी आवडायची नाही. तरी ते लांबच्या नात्यातलीसुद्धा लग्नं चुकवत नसत, कारण बाई दारातूनच विचारत, "किती आल्या?" एकदा इंदापूरच्या एका लग्नात काकांना मिळालेली टोपी बाईंनी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाल्या, "ही माझीच. हिच्यावर मी शेंगांचं बोट पुसलेलं." कुठल्यातरी ओरडणाऱ्याला दिलेली टोपी गावं फिरून घरी आली होती.

या पद्धतीत एक खोट होती. ती इंदापूर तालुक्यातल्या एका गावात कळली. बाईंची कीर्ती आमच्या आधी तिथे पोचली होती. पहिल्याच चढाईला चारी बाजूंनी ओरडा सुरू झाला. "पंच आंधळा हाय!" "बाई, डोळं तपासा!" आणि लगेच पाठोपाठ, "नाव लिवून घ्या माझं! आडनावासकट!" चढाई करणारा पोरगा अजून मधली रेषाही ओलांडून गेला नव्हता.

बाईंनी पहिल्या डावात एकाचा सत्कार केला. तो निघाला गावच्या विकास सोसायटीच्या निवडणुकीत जिंकलेल्या पॅनेलचा. लगेच हरलेल्या पॅनेलचे लोक टेबलाशी आले. "आमच्याबी माणसाचा झाला पायजे. आमचा माणूस त्येच्या आधीपास्नं वरडतोय." मग दुसऱ्याचा झाला. तेवढ्यात एक म्हातारे काठी टेकत आले, घसा पार बसलेला. "बाई, सकाळधरनं बोंबलतोय मी. माझी काय टोपीची लायकी न्हाय का?"

माझा चेहरा पडला असावा, कारण बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "रडू नको. मला विचार करू दे." मग त्यांनी माइक हातात घेतला. "यापुढं सत्कार गप बसणाऱ्याचा होईल!"

मैदान एकदम चिडीचूप झालं. इतकं की चढाई करणाऱ्याचा 'कबड्डी, कबड्डी' रस्त्यावरच्या चहाच्या टपरीपर्यंत ऐकू जाऊ लागला. बिचारा बिचकला. निम्म्या चढाईत थांबून त्याने मागे वळून पाहिलं आणि दम सोडला. "बाई, लोक गेलं का काय?" तो बाद झाला. सामना संपल्यावर सगळं गाव रांगेत उभं राहिलं. प्रत्येकाचं म्हणणं होतं की सगळ्यात गप तोच होता.

दरम्यान मी बाटली धरणारीची गुण मांडणारी झाले होते. ते काम मला आवडायचं, कारण त्यात बोलावं लागत नाही. एकच अडचण होती. मला मराठी आकडे नीट येत नव्हते. एकोणतीस आणि एकोणचाळीस यांच्यात मी कायम अडखळायचे. बाई स्कूटीवर मागे बसून मला विचारत जायच्या. "थर्टी नाइन?" "एकोणतीस." "अगं, त्या संघाचे दहा गुण खाल्लेस!" बारामतीपासून भिगवणपर्यंत मी हे ऐकलेलं आहे.

मग त्यांनी माझा पंच परीक्षेचा फॉर्म भरला. मला न विचारता. लेखी परीक्षेत मला चांगले गुण मिळाले. प्रात्यक्षिकात परीक्षक म्हणाले, "शिट्टी वाजवा." थोडं थांबून पुन्हा म्हणाले, "वाजवा की." मी वाजवली होती. शेवटी पास केलं त्यांनी, पण शेरा मारला, 'आवाज वाढवावा.' बाईंनी तो शेरा काकांना वाचून दाखवला आणि काका पहिल्यांदा माझ्याकडे बघून आपुलकीने हसले.

बाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा निमगाव केतकीजवळच्या एका गावाची स्पर्धा तोंडावर आली होती. तिथला अंतिम सामना कित्येक वर्षं बाईंचाच असे. त्या गावात सुरुवातीला त्यांना मैदानातसुद्धा उतरू दिलं नव्हतं. आता त्यांनी समितीच्या अध्यक्षांना फोन करून सांगितलं की शिट्टी मी वाजवणार. फोन स्पीकरवर होता.

"बाई, तुमच्या शब्दाखातर देतो," अध्यक्ष म्हणाले. "पर गोंधळ झाला तर पुढल्या वर्षीपास्नं बाहेरनं गडीमाणूस पंच आणणार आमी. मग परत बायामाणसाला बोलवायचं नाव न्हाय."

बाईंनी फोन ठेवला. "ऐकलंस? तुझं एकटीचं नाही हे. तिथं उतरायला मला लई वर्षं लागली. तू टिकलीस तर टिकलं."

"आणि नाही टिकले तर?"

"तर मी ऑपरेशन करून घरात बसते, आन् तू बँकेच्या परीक्षा दे."

मी आठवडाभर बँकेच्या परीक्षांची माहिती बघत होते.

त्या दिवशी बाई आयुष्यात पहिल्यांदा प्रेक्षक होत्या. त्यांना टेबलाच्या समोरच्या बाजूला, कोपऱ्यात खुर्ची दिली होती. हातात काठी. टोप्यांची पिशवी त्यांनी गुणांच्या टेबलावर ठेवली. "लागली तर घे. नाव विचारायला लाजू नको."

अंतिम सामना यजमान गावाचाच होता, बाहेरच्या एका संघाशी. मी मैदानात उतरले आणि आवाज सुरू झाले.

"मॅडम, शिट्टी मोबाइलवर वाजवताय का? ऐकू येईना!"

"आरं, हळू बोला, मॅडम घाबरत्यात!"

मी उत्तर दिलं नाही. याचं श्रेय मी घेणार नाही, मला उत्तर सुचतच नव्हतं. समालोचकाने गुण विचारले आणि माझ्या तोंडून "ट्वेंटी नाइन" निघून गेलं. सगळं मैदान ओरडलं, "मराठीत! मराठीत!" मी डोळे मिटले, भिगवणचा रस्ता आठवला आणि म्हणाले, "एकोणतीस." अशा टाळ्या पडल्या की जणू चढाई मीच करून आले होते. स्टेजवर कन्हेरीचे आबा बसले होते. त्या सत्कारापासून त्यांना सगळीकडे पाहुणे म्हणून बोलावतात. त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

शेवटची काही मिनिटं राहिली. यजमान एका गुणाने मागे होते. त्यांचा चढाईवाला आत गेला, बोनस रेषेपलीकडे पाय टाकला आणि पळत परत आला. दोन्ही हात वर करून बोनस गुण मागू लागला. नियम असा आहे की पुढचा पाय रेषेपलीकडे टेकताना मागचा पाय हवेत पाहिजे. त्याची मागची टाच जमिनीवर होती. मी पाहिली होती. मी गुण नाकारला.

मैदान उसळलं. ते मी धरूनच चालले होते. पण त्या गोंगाटातून एक आवाज आला, जो मला आमच्या जिन्यातसुद्धा तीन मजल्यांवरून ओळखू येतो.

"ए पोरी! बोनस हाय त्यो! पाय वर होता की त्येचा! बघतेस कुठं?"

बाई खुर्चीतून उठल्या होत्या. एका हाताने शेजारच्याचा खांदा धरला होता आणि दुसऱ्या हाताने काठी माझ्याकडे रोखली होती.

लोकांनी माना तिकडे वळवल्या. मग एक जण म्हणाला, "बाई बी म्हणत्यात!" आणि ते मैदानभर पसरलं. "बाईंनी बोनस दिला!" यजमानांचा कर्णधार माझ्यापुढे येऊन उभा राहिला. "मॅडम, आता तर तुमच्या बाईच सांगत्यात. द्या टाकून." स्टेजवर अध्यक्ष उभे राहिले. मला कळत होतं की तो गुण दिला तर या गावात कुणीही ओरडून काहीही मिळवू शकेल. नाही दिला तर गोंधळ, आणि पुढच्या वर्षी बाहेरचा पंच.

मी बाईंकडे पाहिलं. बाई चुकतात असं मी कधी पाहिलं नव्हतं. पण बाईंना मी कधी प्रेक्षकांतही पाहिलं नव्हतं. त्यांच्या कोपऱ्यातून मधे पकड करणाऱ्यांचे पाय येत होते. टाच दिसणं शक्यच नव्हतं.

मी शिट्टी वाजवली. ती इतकी जोरात वाजली की मीच दचकले. वेळ थांबवायची खूण केली, टेबलाशी गेले, पिशवीतून टोपी आणि टॉवेल घेतला आणि मैदान ओलांडून चालायला लागले. माझे कान नुसते पेटले होते. काय चाललंय ते लोकांच्या लक्षात यायला लागलं तसा आवाज खाली खाली येत गेला. समालोचक माइक घेऊन माझ्यामागे पळाला. त्याला सवय होती.

मी बाईंच्या समोर उभी राहिले.

"नाव काय आपलं?"

बाईंनी काठी हळूच खाली घेतली. "ए, काय चाललंय तुझं?"

"गाव कुठलं?"

मागून कुणीतरी बाईंचं नाव सांगितलं, दुसऱ्याने सासरचं गाव, तिसऱ्याने माहेरचं. भोंगा गरजला, "विशेष सत्कार! कबड्डीच्या गाढ्या अभ्यासक, आपल्या परिसराचं भूषण..." पुढचं हशात ऐकू आलं नाही. मी बाईंच्या डोक्यावर टोपी ठेवली. ती अंबाड्यावरून घसरली, म्हणून पुन्हा दाबून बसवली. खांद्यावर टॉवेल टाकला. वाकून नमस्कार केला. बाईंनी आशीर्वाद दिला नाही, पण टोपीही काढली नाही. सत्काराची टोपी कुणी लगेच काढलेली त्यांनी एवढ्या वर्षांत चालवून घेतली नव्हती.

दोन्ही संघांचा एकेक खेळाडू आला आणि त्यांनी बाईंना धरून स्टेजवर नेलं. आबा गादीवर सरकले. माइक जवळच होता, त्यामुळे त्यांचं बोलणं सगळ्या गावाने ऐकलं.

"या बाई, बसा. हितनं काय बी दिसत न्हाय, पर गादी मऊ हाय."

त्यानंतर सामना फार वेळ चालला नाही. यजमान त्याच एका गुणाने हरले. कर्णधार माझ्याकडे बघून पुटपुटला, पण हात मिळवून गेला. बक्षीस समारंभ संपल्यावर अध्यक्ष माझ्यापाशी आले. मी पिशवी आवरत होते.

"मॅडम, पुढल्या वर्षी तारीख मोकळी ठेवा," ते म्हणाले. "बाईंना गप केलंत. आता दुसरं कोण ऱ्हायलंय?"

आम्ही निघालो तेव्हा ऊन उतरलं होतं. बाई मागे बसल्या, काठी आडवी धरून. टोपी डोक्यावरच होती, एरवी त्या डोक्यावर पदरसुद्धा ठेवत नसत. बराच रस्ता त्यांनी आकडे विचारले नाहीत.

मग म्हणाल्या, "बोनस होता."

मी गाडी चालवत राहिले.

"ऐकू येतंय का? पाय वर होता त्याचा. एवढी वर्षं घालवली मी त्यात."

मी इंडिकेटर दिला आणि बारामतीच्या रस्त्याला वळले.

"अगं, उत्तर दे की!"

"प्रेक्षकाला उत्तर द्यायचं नाही, बाई."

 त्या उतरून गेल्या की काय असं वाटून मी आरशात पाहिलं. टोपी दिसली.

"बरं," टोपीखालून आवाज आला. "मग काम तरी दे."

"काठी आत घ्या," मी म्हणाले. "मागून उसाची ट्रॉली येतेय."

बाईंनी काठी आत घेतली.